श्रीमंतांच्या पंगतीत

संपादकांचा निरोप दरसाल एकाच वाक्याचा असतो: "दिवाळीसाठी काहीतरी खुसखुशीत असू द्या." वर्षभर या सदरातून मी वाचकांना कडक वाढतो की सादळलेले, याची त्यांना फारशी फिकीर नसते, दिवाळीला मात्र चकली मोडल्याचा आवाज झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. म्हणून यंदा आमच्या विष्णुपुरीच्या धरणावरचे चांदणे, काळेश्वराचे देऊळ आणि गोदावरीचे भरलेले पात्र असा एक सुरेख बेत मी योजला होता. पहिला परिच्छेद लिहूनही झाला होता. इतक्यात चिखलाने माखलेला एक फुटबॉल दाणकन ओसरीवर येऊन आपटला आणि चांदणे जागच्या जागी विरले.

चेंडूपाठोपाठ माझा धाकटा पुतण्या आला. वय अठरा, अंगात सदा चौघांचा उत्साह. पण त्या दिवशी चेहरा असा, की कोणाच्या मयतीची बातमी घेऊन आला असावा.

"काका, ते आपल्याला घेईनाच गेलेत."

"कोण रे?"

"स्पर्धेवाले. यंदा आठच संघ. आठांची नावं बी ठरलीत म्हणं."

हळूहळू सगळे कळले ते असे. आमच्या भागात पावसाळा सरता सरता एक फुटबॉलची स्पर्धा होते. तिचे नाव सांगत नाही. चालवणारी मंडळी ओळखीची आहेत आणि रोज सकाळी फिरायला भेटतात. गेल्या सालापर्यंत पाचशे रुपये भरले की कोणीही उतरावे असा रिवाज होता. वीस-बावीस संघ यायचे, पंधरा दिवस चिखलात लोळायचे आणि एक सोडून बाकीचे हरून घरी जायचे. यंदा एक उदार आश्रयदाता लाभला. मोठे बक्षीस आले, रात्रीचे दिवे आले, खुर्च्या आल्या. दोन संघांनी तर हैदराबादेहून खेळाडू आणण्याची तयारी केली. आता एवढ्या थाटात आमच्या पोरांसारखे संघ शोभणार कसे? ही पोरे सात-सात गोल खातात, प्रेक्षक जांभया देतात, आणि दिव्याचे बिल मात्र तेवढेच येते. तेव्हा निवडक आठांनाच निमंत्रण द्यावे, असे ठरत आले होते.

आमच्या पोरांचा संघ म्हणजे काय, हेही सांगायला हवे. एक दूधवाल्याचा, एक पंपावर हवा भरणारा, दोघे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंचे, एक मेडिकल कॉलेजच्या फाटकासमोर वडिलांबरोबर केळी विकणारा. अकरांत सात जणांकडे बूट. त्यांतही दोघे आळीपाळीने एकच जोड वापरतात, म्हणजे एक उजव्या बाजूला खेळला की दुसरा बाहेर बसलेला असतो. सरावाचे मैदान म्हणजे कालव्यालगतची पडीक जमीन. तीवर म्हशींचा हक्क पहिला.

आणि मी? मी त्या स्पर्धेच्या पत्रिकेवर 'सल्लागार' म्हणून छापला जाणारा एक इसम. आजवर मला कोणी सल्ला विचारलेला नव्हता. रविवारी बैठक होती. पुतण्याने चेंडू उचलला आणि जाता जाता म्हणाला, "काका, तुमी तिथं बोला की." बोलायचे तर काहीतरी आधार हवा. तेव्हा चांदण्याचा कागद बाजूला सारून मी चार दिवस फुटबॉलचीच पारायणे केली.

पहिला आधार घरातच निघाला. आमचे वडील शिकायला हैदराबादेस होते. नांदेड तेव्हा हैदराबाद राज्यातच. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आपण त्यातून बाहेर पडलो. वडिलांना गाणे कळत नसे, राजकारण नकोसे वाटे. पण 'सिटी पोलीस' हा शब्द उच्चारला की त्यांचे डोळे चकाकत. हैदराबाद सिटी पोलीस हा शिपायांचा संघ. त्याला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. त्या काळी फुटबॉलचा पैसा, प्रेक्षक आणि प्रतिष्ठा सारे कलकत्त्यात. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग या तीन नावांपुढे बाकी हिंदुस्थानने पाट मांडून बसावे, अशी स्थिती. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा 1891 पासूनची. तिथे हे पोलीस आले आणि 1950 ते 1954 अशी लागोपाठ पाच वर्षे कप घेऊन परत गेले. 1950 साली ड्युरँड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तर त्यांनी खुद्द मोहन बागानलाच हरवले.

मास्तरांनी केले काय? पैसा नव्हता, म्हणून डोके चालवले. एका पायाने खेळणारा गडी म्हणजे अर्धा गडी, म्हणून त्यांनी नुसत्या दुबळ्या पायाने खेळायच्या स्पर्धा घेतल्या. चेंडू घेऊन एकट्याने नाचणाऱ्यांची खोड जावी, म्हणून चेंडू घोळवण्याला बंदी असलेले सामने लावले. या गोष्टीला खर्च शून्य. पुढे हेच रहीम हिंदुस्थानच्या संघाचे गुरू झाले. 1951 आणि 1962 च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक ही त्यांची कमाई. 1963 साली ते कर्करोगाने गेले.

वडील इथपर्यंत उत्साहाने सांगत आणि मग एकदम थांबून म्हणत, "मग कलकत्तेवाले पोरं घेऊन गेले." तुलसीदास बलराम हा हैदराबादचा हिरा 1957 साली ईस्ट बंगालला गेला. त्याने जाऊ नये असे कोण म्हणणार? त्याचे घर गरिबीचे, आणि पोट सर्वांनाच असते. पण लहान संघाच्या नशिबी ही गोष्ट कायमची लिहिलेली आहे: झाड आपण लावायचे, पाणी आपण घालायचे, आणि आंबा पिकला की पाटी दुसऱ्याच्या डोक्यावर.

दुसरा आधार शोधायला मात्र मला पार स्कॉटलंडपर्यंत जावे लागले. वाचक म्हणतील, विष्णुपुरी कुठे आणि स्कॉटलंड कुठे. पण हा खेळ आपल्याकडे रुजवला त्यांत स्कॉटिश पलटणींचा वाटा मोठा. 1888 साली सिमल्याला पहिली ड्युरँड स्पर्धा झाली तेव्हा अंतिम सामन्यातले दोन्ही संघ त्यांचेच होते. रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्सने हायलँड लाइट इन्फंट्रीला 2-1 असे हरवले. शिवाय श्रीमंत आणि गरीब क्लबांचा झगडा पाहायचा, तर त्या देशासारखे दुसरे दुकान नाही. ग्लासगो या एकाच शहरात सेल्टिक आणि रेंजर्स हे दोन क्लब. देशातला बहुतेक पैसा आणि प्रेक्षक यांच्याच दारी. 1985 साली अलेक्स फर्ग्युसनच्या अॅबर्डीनने साखळी जिंकली. त्यानंतर 1985-86 पासून 2024-25 पर्यंतच्या चाळीस हंगामांत विजेतेपद या दोघांबाहेर एकदाही गेले नाही. चाळीस वर्षे! आपल्याकडे इतक्या काळात साखर कारखान्याचा अध्यक्षसुद्धा कधीमधी बदलतो.

पण मजा पुढेच आहे. या दोघांच्या राज्यात बाकीचे क्लब मेले नाहीत. चार-पाच हजार वस्तीच्या गावांचेसुद्धा संघ दर शनिवारी उतरतात, हरतात, पुढच्या शनिवारी पुन्हा उतरतात. आणि अधूनमधून एखादा असा दिवस उगवतो, की आजोबांनी तो नातवाला सांगावा.

28 जानेवारी 1967 चा दिवस असा. बेरिक हे गाव नकाशात इंग्लंडमध्ये, पण त्याचा क्लब खेळतो स्कॉटलंडमध्ये. (देगलूरकडच्या लोकांना यात नवल वाटणार नाही, तिथे एका बाजारात तीन राज्यांच्या भाषा ऐकू येतात.) या चिमुकल्या बेरिक रेंजर्सच्या मैदानावर ग्लासगोचे बलाढ्य रेंजर्स स्कॉटिश कपच्या सामन्यासाठी आले. त्याच वर्षी युरोपातल्या एका मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना गाठणारा हा संघ. सॅमी रीड नावाच्या खेळाडूने एक गोल केला, आणि बेरिकचा गोलरक्षक जॉक वॉलेस, जो त्यांचा व्यवस्थापकही होता, त्याने उरलेला वेळ काहीही आत जाऊ दिले नाही. 1-0. ग्लासगोत जणू सुतक पडले. रेंजर्सच्या दोन आघाडीपटूंना त्या दिवसानंतर क्लबाने पुन्हा कधी खेळवले नाही. आणि त्यांचे दार आपल्या अंगाने अडवणारा वॉलेस पुढे त्याच रेंजर्सचा व्यवस्थापक झाला! पुन्हा तेच: आंबा पिकला, पाटी आली.

अशा गोष्टी वाचताना अंगावर रोमांच येतात, हे कबूल. तरी एक सांगितले पाहिजे. एका दिवसाच्या चमत्काराने लहान संघ जगत नाहीत. वर्तमानपत्रवाल्यांना (त्यांत मीही आलो) राक्षसाला पाडणारा वामन फार आवडतो. पण वामन उरलेले तीनशे चौसष्ट दिवस काय खातो, हे कोणी विचारत नाही. मला बेरिकपेक्षा इन्व्हर्नेसची गोष्ट जास्त शिकवून गेली. उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या क्लबांना देशाच्या मुख्य साखळीत वर्षानुवर्षे जागाच नव्हती. 1994 साली दार उघडले आणि इन्व्हर्नेस आणि रॉस काउंटी असे दोन संघ आत आले, तेही सर्वांत खालच्या पायरीवर. सहाच वर्षांत, 8 फेब्रुवारी 2000 रोजी, या इन्व्हर्नेसने ग्लासगोत जाऊन सेल्टिकला 3-1 हरवले. दोन दिवसांत सेल्टिकच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. 2015 साली तर त्यांनी स्कॉटिश कपच घरी नेला. तेव्हा लक्षात घ्या: 1994 च्या आधीही त्या डोंगरात पोरे होती, चेंडू होते, पाऊस होता. नव्हते ते फक्त दार. (2024 साली हाच क्लब कर्जात बुडून प्रशासकाच्या हाती गेला, हेही सांगून टाकतो, नाहीतर गोष्ट फारच गोड व्हायची.)

आणि एक प्रसंग तर मी वहीत उतरवून बैठकीला नेला. 2012 साली खुद्द रेंजर्सच दिवाळ्यात निघाले. नव्या कंपनीच्या रूपाने त्यांना परत कुठल्या पायरीवर घ्यायचे, असा प्रश्न आला. वरच्या साखळीतल्या क्लबांनी नाही म्हटले, कारण त्यांच्या प्रेक्षकांनी बजावले होते की नियम एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असेल तर आम्ही तिकिटे घेणार नाही. मग मतदान आले खालच्या तीस लहान क्लबांकडे. रेंजर्स गेले की दूरचित्रवाणीचा पैसा आटेल, हा धाक त्यांना घातला गेला होता. तरी तीसपैकी पंचवीस जणांनी मत दिले: सर्वांत खाली, चौथ्या पायरीवर बसा आणि जिंकत वर या. त्या पायरीवरच्या रेंजर्सच्या पहिल्या घरच्या सामन्याला 49 हजारांहून अधिक माणसे आली. रेंजर्स पायरी पायरीने वर चढलेही. लहानांनी आपल्या पोटावर पाय येईल हे ठाऊक असून नियम मोडला नाही, यापरते धाडस मला बेरिकच्या गोलातही दिसत नाही.

आता गोव्याकडे वळतो, कारण आपल्याकडची याच जातीची गोष्ट तिथे सुरू होते. गोव्यात चर्चपुढच्या पटांगणात आणि कापणी झालेल्या शेतात गावोगाव फुटबॉल चालतो. त्यावर मोठे क्लब उभारले ते खाणमालकांनी. साळगावकर, धेंपो ही त्यांतली मोठी नावे. गावच्या क्लबांना ते धनाढ्यच वाटत. गावात पोरगा चमकला की खाणमालकाचा निरोप यायचा. तरी या मंडळींनी आपल्या घरच्या पैशावर गोव्याचे नाव देशभर केले. 2004-05 ते 2012-13 या नऊ हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद आठ वेळा गोव्यात गेले: पाच वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. नववे कोणाचे? मुंबईच्या महिंद्र युनायटेडचे. म्हणजे नऊ वर्षे तो करंडक अरबी समुद्राचा वारा सोडून गेला नाही! 'कलकत्ता म्हणजे फुटबॉल' हे समीकरण आपल्या किनाऱ्याने खोटे पाडले, आणि आपल्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता. आपण सगळे क्रिकेटचा धावफलक पाहत होतो.

मग वारे फिरले. महिंद्र युनायटेड 2010 साली कंपनीने बंद केला. 2012 साली गोव्यातल्या खाणी थांबल्या. पहिल्यांदा सरकारी आदेशाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या. आणि 2014 साली आली इंडियन सुपर लीग. सिनेनट, उद्योगपती, परदेशातले निवृत्त नामांकित खेळाडू, आतषबाजी. तिथे तेव्हा जिंकून वर जायचे नसे. पैसे मोजून जागा घ्यायची असे, आणि हरले तरी खाली यायचे नसे. 2016 साली असा आराखडा पुढे आला की हीच पहिली पायरी आणि जुनी आय-लीग दुसरी. ज्यांनी विजेतेपदे मिळवली त्यांना मैदानावर न हरता खाली बसवायचे! साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे दोन संघ निषेध म्हणून आय-लीगमधून निघून गेले. त्यांच्यामागोमाग धेंपोही गेले. काल ज्यांना गावचे क्लब श्रीमंत म्हणत, ते आज गरिबांच्या रांगेत उभे राहिले. श्रीमंती ही अशी सापेक्ष चीज आहे.

पण त्यांच्या जाण्याने एक गंमत झाली. मिझोराममधला ऐझॉल फुटबॉल क्लब त्याच साली आय-लीगमधून खाली घसरला होता. गोवेकर गेले, पानात जागा रिकामी झाली, म्हणून ऐझॉलला परत बोलावले गेले. प्रशिक्षक कोण? खालिद जमील. महिंद्र युनायटेडचा जुना खेळाडू, नंतर मुंबई एफ.सी.चा वर्षानुवर्षांचा प्रशिक्षक, आणि तिथून नुकताच मोकळा झालेला. त्याच्यासोबत मुंबईचाच जयेश राणे गेला, आशुतोष मेहता गेला. गोलात उभा राहिला गोव्याचा अल्बिनो गोम्स. सीरियाचा एक, लायबेरियाचा एक आणि बाकी बहुतेक मिझो पोरे. आपल्याकडे ज्यांना काम नव्हते त्यांना घेऊन डोंगरातल्या एका गावाने संसार मांडला, असेच म्हणा ना.

22 एप्रिल 2017 ला त्यांनी ऐझॉलमध्ये मोहन बागानला 1-0 हरवले. 30 एप्रिलला, रविवारी, शेवटचा सामना शिलाँगला. बरोबरी झाली तरी पुरे. मी तो सामना महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या चहाच्या हॉटेलात बसून पाहिला. हॉटेलवाल्याला क्रिकेट हवे होते. मी दोन चहा जास्त घेण्याच्या बोलीवर फुटबॉल लावून घेतला. नवव्या मिनिटाला शिलाँगच्या लाजाँग संघाने गोल केला. तिकडे कोलकात्यात मोहन बागान आपला सामना जिंकत होते. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लाल्नुन्फेलाने बरोबरी साधली, आणि उरलेला वेळ मी चहा न पिता नुसता कप धरून बसलो होतो. 18 सामन्यांत ऐझॉलचे 37 गुण, बागानचे 36. हॉटेलवाल्याने विचारले, "सर, हे तुमच्या गावाकडचे हायेत का?" मी म्हणालो, "हो."

यापुढचे लवकर सांगतो, कारण ते सांगताना त्रास होतो. विजेत्या ऐझॉलला वरची पायरी मिळाली नाही. त्या वर्षी सुपर लीगमध्ये आले ते बोली लावून आलेले दोन संघ. काही महिन्यांत ऐझॉलचा मांडव उठला. खालिद ईस्ट बंगालला, सीरियाचा आमना त्याच्याबरोबर. राणे आणि मेहता कोलकात्याच्या एटीकेकडे, गोम्स दिल्लीला. मुंबई एफ.सी. तर त्याच साली खालच्या पायरीवर गेली आणि बंदच झाली. (खालिदचे मात्र बरे झाले, 2025 च्या ऑगस्टमध्ये तो भारताच्या संघाचा प्रशिक्षक झाला.) जिंकून वर जायचा रस्ता खुला व्हायला 2023 साल उजाडले. पंजाबचा संघ गेला, पुढच्या साली मोहमेडन स्पोर्टिंग गेला. 2024-25 मध्ये गुणतक्त्यात चर्चिल ब्रदर्स वर होते, करंडकही त्यांना देऊन झाला होता. पण गुणांचा वाद स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि 2025 च्या जुलैत लवादाने विजेतेपद इंटर काशीला दिले. कायद्याचे बरोबर असेल. मला त्यातले कळत नाही. गोव्याच्या वाट्याला मात्र पुन्हा ताटावरून उठणेच आले.

बरे, पैसे देऊन पानावर बसलेले तरी सुखी आहेत का? पुण्याचा एफ.सी. पुणे सिटी 2019 साली मिटला आणि ती जागा हैदराबादला गेली. हैदराबादचा संघ 2022 साली विजेता झाला. दोन वर्षांत खेळाडूंचे पगार थकले, मालक बदलला, आणि 2025 साली जागा दिल्लीला गेली. पुणे, हैदराबाद, दिल्ली: सरकारी नोकराच्या बदल्यासुद्धा इतक्या झपाट्याने होत नाहीत. रहीम मास्तरांच्या गावाला संघ मिळाला तो असा भाड्याचा, आणि घर रिकामे करायला लागले तेव्हा गावाला कोणी विचारलेही नाही.

रविवारची बैठक चहा-बिस्किटांनी सुरू झाली. मी वही उघडली आणि स्कॉटलंडमधल्या त्या मतदानापासून सुरुवात केली. दहा मिनिटांत दोघे मोबाईल पाहू लागले. एकाने अदबीने विचारले, "सर, हे सगळं खरंय, पर दिव्याचं बिल कोण भरणार?" हा प्रश्न चुकीचा नव्हता. आश्रयदात्याला रिकाम्या खुर्च्या नको होत्या. तो काही दुष्ट माणूस नव्हे. तेव्हा मी वही मिटली आणि व्यवहाराचे बोललो. सहा संघ बोलावून घ्या. दोन जागा मोकळ्या ठेवा. त्या दोन जागांसाठी बाकी सगळ्यांचे सामने दिवसाउजेडी, दिव्याशिवाय, कालव्याजवळच्या मैदानावर होऊ द्या. पंच मी मिळवून देतो, चुन्याचा खर्च माझा. बराच वेळ खल झाला. शेवटी कोणाच्या खिशाला चाट बसत नाही असे दिसल्यावर प्रस्ताव मंजूर झाला. आपल्याकडे तत्त्वापेक्षा चुन्याचे पोते लवकर पटते, याचा मला अनुभव आहे.

तेरा संघ उतरले. आमची पोरे तीन सामने जिंकून आत गेली; तिसरा पेनल्टीवर, अंधार पडता पडता. एक चेंडू तर गोल झाला की नाही हे पंचाला दिसलेच नाही, आणि समोरच्या गोलरक्षकानेच प्रामाणिकपणे सांगितले की झाला. मग दिव्यांखालचा सामना. समोर हैदराबादच्या पाहुण्यांचा संघ, सगळ्यांचे मोजे एका रंगाचे. आमच्या पोरांना उजेडातच बिचकल्यासारखे झाले. मध्यंतराला 3-0. घोषणा करणारा आमच्या पोरांची नावेही घेईना. उत्तरार्धात केळीवाल्याच्या पोराने मध्यरेषेजवळ चेंडू घेतला, दोघांना चकवले आणि डाव्या पायाने, दुबळ्या पायाने, असा काही मारला की गोलरक्षक जागचा हलला नाही. 4-1 ने हरलो. पण त्या एका गोलाला खुर्च्यांवरची माणसेही उभी राहिली, आणि घोषणा करणाऱ्याने पोराचे नाव तीनदा विचारून घेतले.

दुसऱ्या दिवशी आश्रयदात्याचा माणूस केळीच्या गाड्यावर आला. पुढच्या वर्षी आमच्याकडून खेळ. बूट, कपडे, महिन्याला थोडे पैसे, हैदराबादेत पंधरा दिवस सराव. पोराच्या वडिलांनी हात जोडले. पोराने सांगितले, विचारून सांगतो.

विचारायला तो आणि माझा पुतण्या रात्री माझ्याकडे आले. नव्या बुटांचा खोका तो माणूस तसाच ठेवून गेला होता. पोराने तो ओसरीवर ठेवला, पण उघडला नाही. पुतण्या दाराशी उभा होता. चार दिवस मी ज्याच्यासाठी पुस्तके पालथी घातली, तो माझ्याकडे बघत नव्हता.

"काका," केळीवाल्याचा पोरगा म्हणाला, "जावं का?"

मला वडील आठवले, बलराम आठवला. मी म्हणालो, "आधी खोका उघड. माप तरी बघ."

त्याने बूट घातले. बरोबर बसले. तो ओसरीभर चालून आला, मग बसून त्याने ते काढले, पुतण्याकडे सरकवले आणि म्हणाला, "तूबी घालून बघ."